बॉयलर पेटायच्या आधी

प्रश्न :

ताई, मी २४ वर्षांचा आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय. दीड वर्षापासून आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात ईडीपी (संगणक) विभागात कंत्राटी ऑपरेटर आहे. बिलांच्या एन्ट्र्या, प्रिंटरचे टोनर, कुणाचं नेट गेलं तर बघून यायचं, एवढंच काम. सर्व्हर लिनक्सचा आहे आणि तो आमचे साहेबच बघतात. काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप करतात आणि सगळं चालू होतं. सप्टेंबरअखेर ते रिटायर होतायत. परवा म्हणाले, "आता तूच बघायचंस." ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय कॉलेजात होता, पण सर्व्हरला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. पुण्यातला मित्र म्हणतो, तिथं कुजू नकोस, ऐंशी हजारांचा क्लाउडचा कोर्स कर, प्लेसमेंटची हमी आहे. मी सुरुवात कुठून करू? कोर्स करू का? आणि एआय आल्यावर ही कामं राहणार आहेत का?

उत्तर :

ताई म्हणालास, तेव्हा अरे-तुरेच करते.

कोर्सचं आधी उरकून टाकू. आत्ता नको. तुझ्याकडे तीन-साडेतीन महिने आहेत आणि शेजारच्या खुर्चीत तो सर्व्हर कित्येक हंगाम चालवलेला माणूस बसलाय. असा मास्तर ऐंशी हजारांत मिळत नाही. शिवाय 'हमी' या शब्दावर पैसे भरलेली बरीच मुलं मी मुलाखतीत पाहिली आहेत. क्लाउडवर मशीन कसं उभं करायचं हे ती घडाघडा सांगतात. मग विचारावं, 'त्या मशीनची डिस्क भरली, आता काय करशील?' की गाडी अडते. क्लाउडमधलं मशीनही आतून मशीनच असतं. ज्याला तुझ्या खोलीतला सर्व्हर कळला, त्याला ते कळायला वेळ लागत नाही. उलट्या बाजूने गेलेल्याला लागतो.

आता साहेबांकडून काय घ्यायचं ते सांगते. एक दोनशे पानी वही घे. वहीच घे, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवर ठेवलेली टिपणं वाचता येत नाहीत. साहेब काळ्या स्क्रीनवर बसले की शेजारी बस आणि ते काय टाइप करतात ते जसंच्या तसं उतरवून घे. अर्थ नंतर लागेल. सर्व्हर बंद कसा करायचा, वीज आल्यावर आधी काय चालू करायचं आणि मग काय, डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवलाय, सॉफ्टवेअरवाल्याचा फोन नंबर, यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या, इंटरनेटची लाइन कुणाच्या नावावर आहे. आणि एक प्रश्न मुद्दाम, चहाच्या वेळी विचार : "साहेब, आजपर्यंत सगळ्यात वाईट दिवस कुठला गेला?" कागदावर कुठेच नसलेल्या गोष्टी या उत्तरात निघतात. रिटायर होणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून ते सांगतीलही रंगवून.

सराव मात्र त्या सर्व्हरवर नको. स्टोअरच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा जुना पीसी असेलच. त्यात ४ जीबी रॅम असली तरी पुष्कळ झाली. त्यावर डेबियन टाक, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. फुकट आहे, आणि खिडक्या-चित्रांशिवाय नुसत्या काळ्या स्क्रीनवर आरामात चालतं. घरी ८ जीबीचा लॅपटॉप असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका मशीनच्या आत दुसरी मशीन्स चालवणारा प्रोग्रॅम) एकाऐवजी दोन मशीन्स उभी राहतात, एक सर्व्हर आणि एक त्याच्याशी बोलणारं. मराठीतून ऐकायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे छोटे धडे मराठीत आहेत, तेही फुकट. एक धडा बघ, थांबव, स्वतः टाइप कर, मग पुढचा.

हे मशीन मोडण्यासाठी आहे. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते. उभं कर, त्यात काहीतरी ठेव, उद्ध्वस्त कर, आणि ठेवलेलं परत आण. पुस्तकं कमांडच्या यादीने सुरू होतात आणि बॅकअपचं प्रकरण शेवटी कुठेतरी येतं. मी ते उलटं शिकवते, कारण ज्याला परत आणता येतं त्याच्या पोटातला गोळा आपोआप विरघळतो. मग तो बिनधास्त शिकतो.

बॅकअपचं सांगायचं तर माझीच गोष्ट सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका ठिकाणी (नाव नको) रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून ती जीझिपने दाबून दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी स्क्रिप्ट मी लिहिली. रोज सकाळी नवी फाइल दिसायची, तारखेसकट. मी खूश. तीन महिन्यांनी एका मुलाने चुकून एक तक्ता उडवला. मी ऐटीत म्हटलं, कालचा टाकते. फाइल उघडायला गेले तर तिचा आकार २० बाइट. आदल्या दिवशीची? २० बाइट. त्याआधीची? तीही २०. डेटाबेसचा पासवर्ड मधे कुणीतरी बदलला होता, त्यामुळे प्रत काढणारी कमांड रोज रात्री पहिल्याच पायरीवर पडत होती. जीझिपच्या हातात रिकामी हवा येत होती आणि तो इमानेइतबारे ती हवा दाबून ठेवत होता. काहीच न दाबता जीझिपने फाइल केली तर ती बरोबर २० बाइटची होते, हे मला त्या दिवशी कळलं ते कायमचं. आणि स्क्रिप्टने बोंब का मारली नाही? कमांडची माळ लावली की शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, यश-अपयश शेवटच्या मण्यावरून ठरवतं. शेवटचा मणी जीझिप, तो यशस्वी. पाइपफेल नावाचा एक पर्याय असतो, तो स्क्रिप्टच्या वर लावला की मधला मणी तुटला तरी समजतं. एका ओळीचं काम. माझी ती ओळ राहिली होती, आणि तो तक्ता आम्ही छापील रजिस्टरवरून चार माणसं बसवून पुन्हा भरला.

तेव्हा 'बॅकअप होतो' हे वाक्य साहेबांनी म्हटलं तरी मान डोलावू नकोस. फाइल केवढी आहे, कालच्यापेक्षा अचानक लहान झालीय का, हे बघ. मग ती तुझ्या जुन्या पीसीवर नेऊन प्रत्यक्ष उलगड. शेवटच्या वजनाची पावती घे आणि तोच पावती क्रमांक, तेच वजन तिथे दिसतं का ते ताडून पाहा. दिसलं तर तो बॅकअप. तोवर ती फक्त एक फाइल आहे.

किती प्रती आणि कुठे, यासाठी धंद्यात ३-२-१ म्हणतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमच्याकडे दुसरी जागा म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरवरचं एखादं गट कार्यालयसुद्धा चालेल. यात माझी एक भर : एक प्रत तरी केबलपासून तुटलेली हवी. सर्व्हरला कायम जोडलेली एक्स्टर्नल डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की सर्व्हरबरोबरच जाते.

हे तुला लांबचं वाटेल म्हणून जवळचं सांगते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यात जवळजवळ आंधळी झाली, आणि आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीत, त्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट निराळीच आहे. कोणाला आत सोडायचं, कोणाला काय उघडायचा हक्क, ही सगळी यादी ज्या मशीनवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्ककडे असे सुमारे १५० होते आणि ते एकमेकांशी सतत ताळमेळ ठेवत. एक गेला तर दुसरा आहेच, ही समजूत. सगळे एकदम पुसले जातील हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. एकच वाचला, आफ्रिकेत घानातल्या कार्यालयातला. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! तिथली इंटरनेटची लाइन इतकी बारीक की ती माहिती पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, म्हणून शेवटी डिस्क माणसांच्या हाती विमानाने इंग्लंडला नेली. लोडशेडिंगने इतक्या मोठ्या कंपनीला वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. एकमेकांची नक्कल करणारी दोन मशीन्स म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चूक झाली तर तिचीही नक्कल तितक्याच तत्परतेने होते.

तुमच्याकडे हे किती गंभीर आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ऊस दर नियंत्रणाच्या १९६६ च्या आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा रास्त दर, द्यायची असते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. वजनांची नोंदच गेली तर बिल कशावर काढणार? म्हणून बॅकअप रोज घ्यायचा की तासाला, हा प्रश्न संगणकाच्या पुस्तकातून सोडवायचा नाही. काट्यावर एका तासात किती गाड्या होतात ते बघ. तेवढ्या गाड्यांच्या पावत्या हाताने पुन्हा भरायची तयारी आहे का, असं शेतकी अधिकाऱ्यांना विचार. ते जे सांगतील ते उत्तर.

आता त्या जुन्या पीसीवर काय काय शिकायचं. (कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

डिस्क. सर्व्हर बंद पडण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात वारंवार येणारं कारण डिस्क भरणं हे आहे. डीएफ ही कमांड कुठली डिस्क किती भरली ते सांगते, डीयू कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते. एक दिवस असा येईल की डीएफ म्हणेल १०० टक्के भरली, आणि डीयूची बेरीज मात्र निम्मीसुद्धा होणार नाही. मी रात्री दोन वाजता या कोड्यासमोर बसले आहे. मोठी लॉग फाइल (सर्व्हर आपल्या घडामोडी ज्यात लिहीत जातो ती) दिसली म्हणून उडवली, तरी जागा मोकळी होईना. लिनक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही. जो प्रोग्रॅम त्या फाइलीत लिहीत बसलाय त्याने ती धरून ठेवलेली असते, आणि तो सोडेपर्यंत जागा अडलेलीच. एलएसओएफ कमांडने असे चिकट भाडेकरू सापडतात. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा सुटते. हे जुन्या पीसीवर मुद्दाम घडवून बघ. एकदा डोळ्यांनी पाहिलंस की फाइल, नाव आणि चालू प्रोग्रॅम यांचं नातं जे कळतं, ते परीक्षेतल्या दहा मार्कांच्या उत्तरात कळत नाही.

परवानग्या. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. तीन आकडे म्हणजे मालक, त्याचा गट आणि बाकी जग. ६४० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला नुसतं वाचता येतं, बाकीच्यांना काही नाही. झालं, एवढंच गणित. पण काही अडलं की नेटवर कुणीतरी सांगतं, 'सीएचमॉड ७७७ मारा.' म्हणजे सगळ्यांना सगळं. पहिल्या नोकरीत मी ते मारलं, आणि घाईत एक स्पेस जास्त पडल्यामुळे ते एका फोल्डरवर न लागता मुळापासून सगळ्या डिस्कवर लागलं. वाटलं, फार तर काय, सगळं उघडं पडेल. झालं उलटंच. सुडोने, म्हणजे रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) हक्क तात्पुरते देणाऱ्या कमांडने, काम करायला नकार दिला, कारण तिला ते हक्क देणारी खास खूणच ७७७ ने पुसली गेली होती. एसएसएचने, म्हणजे लांबून सर्व्हरवर जायच्या वाटेने, दार उघडायला नकार दिला, कारण त्याच्या गुप्त किल्ल्या जगाला वाचता येत होत्या. दारं सताड उघडली आणि मीच बाहेर राहिले. संध्याकाळपर्यंत सगळी यंत्रणा पुन्हा टाकली. माझे तेव्हाचे साहेब एक शब्द बोलले नाहीत, फक्त त्या दिवशीचा चहा मला आणायला लावला.

वापरकर्ते. तुमच्या काट्यावर तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच नावाने, एकाच पासवर्डने बसत असणार, आणि तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असणार. चुकत असेन तर मला आनंदच आहे. प्रत्येकाला वेगळं खातं दे. वाद होईल, 'पाळी बदलताना कोण लॉगिन-लॉगआउट करत बसणार' म्हणतील. त्यांना एकच सांग : उद्या कुणी काटामारीचा आरोप केला, तर कुठली नोंद कुणी, किती वाजता बदलली हे दाखवता आलं पाहिजे. वेगळं खातं त्या काटेवाल्याच्याच बचावाचं आहे. त्यासाठी घड्याळही बरोबर हवं. सगळ्या मशीन्सनी एकाच ठिकाणाहून वेळ घ्यावी अशी सोय असते, एनटीपी म्हणतात, ती लावलेली आहे का बघ. सर्व्हर यूटीसी वेळेवर असेल तर लॉगमधली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसेल. आणि रात्री दोनला लावलेला बॅकअप प्रत्यक्षात सकाळी साडेसातला धावेल, नेमकी काट्यावर गाड्यांची रांग असताना. मग लोक म्हणतात, सकाळी सॉफ्टवेअर स्लो होतं.

लॉग हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग. जर्नलसीटीएल (लॉग दाखवते), टेल (फाइलचं शेपूट दाखवते), ग्रेप (शब्द शोधते), या तीन कमांडवर अर्धी नोकरी चालते. रोज सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं सर्व्हरचा लॉग वाच, काही बिघडलेलं नसताना. मिलचा फिटर बेअरिंगच्या आवाजावरून सांगतो ना, की काहीतरी बिनसलंय? त्याने चांगला आवाज रोज ऐकलेला असतो, म्हणून सांगू शकतो. तसंच. रिकाम्या दिवशी मेमरी किती वापरली जाते, डिस्क आठवड्याला किती टक्के चढते, हे वहीत लिहीत जा. डिस्क दर आठवड्याला दोन टक्क्यांनी चढतेय आणि आत्ता ७० वर आहे, तर हंगामाच्या मध्यावर काय होणार हे तूच सांगू शकशील.

नेटवर्कची भीती घालवायला एक क्रम पाठ कर, कारण 'नेट नाही' हा फोन तुला आयुष्यभर येणार. पहिली केबल. हसू नकोस, उंदीर आणि खुर्चीची चाकं यांनी माझी जेवढी रात्र खाल्ली तेवढी हॅकरनी नाही. मग आयपी पत्ता बघ. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही आणि मशीनने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. पत्ता ठीक असेल तर गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला, पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक. मग बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. तिथपर्यंत पोचलं आणि तरी वेबसाइट उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. पाच पायऱ्या, दोन मिनिटं. 'राउटर बंद-चालू करून बघा' हे आधी सांगायचं नाही. त्याने दुखणं कधीकधी जातं, पण कुठे दुखत होतं ते कधीच कळत नाही.

एसएसएचची ती लांबून जायची वाट तू रोज वापरशील. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर टाटू युलोनेन यांनी ती लिहिली. तिचं २२ नंबरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकलंस तर काही तासांत अनोळखी मशीन्स रूटचा पासवर्ड आजमावताना लॉगमध्ये दिसतील. पासवर्डऐवजी किल्लीची जोडी (दोन जुळणाऱ्या फाइली, एक तुझ्याकडे, एक सर्व्हरवर) वापरायला शिक, रूटने थेट लॉगिन बंद कर, आणि घरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने, ये.

अपडेटच्या बाबतीत तुमच्या कारखान्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. मोळी टाकल्यापासून गाळप संपेपर्यंत मिलला कुणी विनाकारण पाना लावतं का? नाही. आणि ऑफ-सीझनला ओव्हरहॉलिंग झालं नाही तर चीफ इंजिनिअर बॉयलर पेटवू देतील का? तेही नाही. सर्व्हरचं अगदी तेच वेळापत्रक ठेव. मोठे बदल, नवी डिस्क, नवी आवृत्ती हे सगळं आत्ता, पावसाळ्यात. बॉयलरच्या प्रदीपनानंतर फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही आधी जुन्या पीसीवर लावून बघून. काट्यावरचे पीसी विंडोज १० चे असतील तर मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलेत, हे साहेबांच्या सहीने लेखी वर कळव. पैसे मिळोत न मिळोत, कागद असू दे.

आणि एक सवय, जी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला जाच वाटते. काहीही पुसण्याआधी एंटरवरून बोट उचलायचं आणि आपण कुठल्या मशीनवर आहोत ते मोठ्याने वाचायचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत डेटाबेसचं फोल्डर पुसलं. त्याला वाटलं तो दुय्यम सर्व्हरवर आहे, होता मुख्य सर्व्हरवर. लक्षात आलं तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बॅकअपच्या पाचही सोयी कुचकामी निघाल्या. वाचवलं ते त्यानेच सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सगळं जगासमोर उघड लिहिलं आणि दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपणही केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. जुन्या पीसीच्या स्क्रीनचा रंग हिरवा आणि खऱ्या सर्व्हरचा लाल ठेव. दोन ओळींची सेटिंग आहे.

एआयचं विचारलंस. एरर समजून घ्यायला जरूर वापर, मीही वापरते. पण त्याने दिलेली कमांड मॅन पानावर (लिनक्समध्येच असलेल्या माहितीपुस्तिकेत) वाचल्याशिवाय रूट म्हणून चालवायची नाही, आणि सभासदांच्या याद्या, खाते क्रमांक, पासवर्ड त्यात चिकटवायचे नाहीत. राहिलं काम जाण्याचं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. त्यातली कित्येक मशीन्स चालू करायला माणसालाच एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये नेऊन, एक फाइल पुसावी लागली. मी इतकंच सांगेन की पुढच्या हंगामात तुझी खुर्ची कुणी नेत नाही. दोन हंगाम काढलेस आणि पुण्याला जावंसं वाटलं तर खुशाल जा. तेव्हा आरएचसीएसए ही रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा दे. तिथे चारपैकी एक पर्याय निवडायचा नसतो, चालत्या मशीनवर काम करून दाखवायचं असतं आणि ते रीबूटनंतर टिकावं लागतं. तोवर तुला ती परीक्षा ओळखीची वाटेल.

एक तारीख ठरव. सप्टेंबरचा दुसरा रविवार, म्हणजे साहेब अजून कामावर असतील आणि काट्यावर गाडी नसेल. त्या दिवशी जुना पीसी कोरा करून, फक्त तुझी वही आणि बाहेर ठेवलेली बॅकअपची डिस्क एवढ्यावर, सगळं पुन्हा उभं कर. साहेबांना बाजूला बसव, पण बोलू देऊ नकोस. जिथे अडशील आणि त्यांच्याकडे बघशील, तिथे वहीत लाल खूण कर. शेवटी मागच्या हंगामातली शेवटची पावती स्क्रीनवर आली की घड्याळ बघ आणि किती तास लागले ते पहिल्या पानावर लिही. तो आकडा मला कळव, आणि लाल खुणा कुठे कुठे पडल्या तेही.